पेट्रोल भरताना पैसे नेमके कुठे वाचतात

पेट्रोल भरण्यातली बचत म्हणजे स्वस्त पंप शोधणे, असा सर्वसाधारण समज आहे. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत नसून त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट (मूल्यवर्धित कर) लावते. त्यामुळे दर राज्यागणिक बदलतो आणि गोव्याच्या सीमेजवळच्या बांदा-सावंतवाडीकडची मंडळी गोव्यात गेली की टाकी फुल करूनच परततात. कामानिमित्त जाणे झालेच असेल तर हे योग्यच आहे. पण केवळ पेट्रोलसाठी जायचे असेल, तर आधी हिशेब करावा. समजा, लिटरमागे ८ रुपयांचा फरक आहे आणि ३५ लिटर भरायचे आहे, तर २८० रुपये वाचतील. मात्र जाऊन-येऊन ४० किलोमीटर पडत असतील आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर अडीच लिटर, म्हणजे सुमारे २५० रुपये, रस्त्यातच जळतील.

खरी दक्षता पंपावर हवी. गाडीतून खाली उतरावे, नोझल टाकीत जाण्यापूर्वी मीटरवर शून्य आहे का आणि दर फलकावरचाच आहे का, हे पाहावे, आणि भरणे संपेपर्यंत नजर मीटरवरून काढू नये. माझ्या बाबतीत एकदा १००० रुपयांचे पेट्रोल सांगितले असता मीटर २०० वर थांबले. ‘ऐकण्यात चूक झाली’ असे म्हणून कर्मचाऱ्याने शून्य न करताच पुढे ८०० पर्यंत भरले आणि १००० मागितले. आकडा डोळ्यांसमोर होता म्हणूनच २०० रुपये वाचले. मापाविषयी शंका आल्यास पंपावर ठेवलेल्या ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच करू नये. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्याहून जास्त तूट आढळली तर वैधमापन विभागाकडे तक्रार करावी.

पहाटेच्या थंडीत पेट्रोल जास्त मिळते, या समजुतीपायी झोपमोड करण्याचे कारण नाही, कारण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. १०० किंवा २०० ऐवजी ११० किंवा २१० अशी रक्कम सांगितल्यानेही माप बदलत नाही. जास्त ऑक्टेनचे (इंजिनात अवेळी पेट न घेणारे) महाग पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच घ्यावे. नोझल आपोआप बंद झाल्यावर वरून आणखी भरायला सांगू नये. ते पेट्रोल सांडते किंवा टाकीच्या वाफ शोषणाऱ्या यंत्रणेत जाऊन ती बिघडवते.

गाडी किती पितेय, हे कळण्यासाठी टाकी पहिल्या ऑटोकटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरून ट्रिपमीटर शून्य करावा. पुढच्या वेळी, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा ऑटोकटपर्यंत भरावे आणि चाललेल्या किलोमीटरना त्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. असे चार-पाच वेळा लिहून ठेवले की आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा हाती येतो आणि तो घसरला तर लगेच लक्षात येते.

आकडा घसरला की मी सर्वांत आधी टायरची हवा पाहतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्यामुळे गाडी पुढे नेण्यास जास्त जोर लागतो आणि तेवढे पेट्रोल वाया जाते. पंपावर हवा मोफत मिळते. योग्य दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो. गाडी बरीच चालली की टायर तापून दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा घराजवळच्या पंपावर, सकाळी निघताच तपासावी.