छायाचित्रकार आणि कवी यांनी स्थलांतरित समाजावर जोडीने काम कसे करावे

परदेशी स्थायिक झालेल्या लोकांवर मिळून काम करायचे ठरल्यास प्रथम एकच समाज निवडावा, कारण ‘जगभरचे मराठी’ असा विषय घेतला की हाती बहुधा गणेशोत्सवाचे फोटोच लागतात. येथे उदाहरण म्हणून इस्रायलमधील बेने इस्रायल समाज, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेले मराठी बोलणारे यहुदी (ज्यू), घेतला आहे.

कामाला सुरुवात मात्र रायगड जिल्ह्यातून करावी. जहाज फुटून पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, ही या समाजाची परंपरागत कथा. तेल गाळणाऱ्या या मंडळींचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावे १९४८ नंतर इस्रायलमधील लोद, रामला, अश्दोद, दिमोना येथे गेली. ज्या गावावरून आडनाव पडले ते गाव आधी पाहिलेले असले, की तिकडच्या घरात बोलणे आपोआप सुरू होते.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो आणि धर्म पाळणाऱ्या घरात त्या काळात फोटो काढणेही चालत नाही आणि लिहिणेही. म्हणजे कॅमेरा आणि वही दोन्ही बॅगेत. छायाचित्रकाराने शुक्रवारी दुपारची स्वयंपाकघरातली घाई टिपावी. कवीने शब्बाथच्या जेवणात नुसते ऐकावे आणि शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर आठवेल तेवढेच लिहावे. (विसरले जाते ते बहुधा कवितेला नकोच असते.) नवस फेडताना किंवा लग्नकार्याच्या वेळी होणारा मलिदा दोघांनाही सोडून चालणार नाही: ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे, वर फळे, आणि भोवती एलियाहू हन्नाबीचे (प्रेषित एलियाचे) स्तवन. इस्रायलमधील रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) संस्थेने या समाजाच्या यहुदीपणाविषयी घेतलेल्या शंका आणि त्याविरुद्धचे आंदोलन, ज्यानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने समाजाच्या बाजूने ठराव केला, हा विषय पहिल्याच भेटीत काढू नये.

कविता ही छायाचित्राखालची ओळ होता कामा नये. माझ्या मते, कवीने आपला पहिला खर्डा होईपर्यंत छायाचित्रकाराने निवडलेली छायाचित्रे पाहूच नयेत. नाहीतर चित्रात दिसते तेच तो शब्दांत सांगू लागतो. पुस्तकात किंवा प्रदर्शनात जोड्या लावण्याचे काम तिसऱ्या माणसाकडे, शक्यतो त्या समाजातल्याच कोणाकडे, द्यावे.

कराराकडे बहुतेक जोड्या दुर्लक्ष करतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार एखाद्या संस्थेने मोबदला देऊन छायाचित्रे काढून घेतली आणि वेगळा करार नसला, तर पहिली मालकी त्या संस्थेची ठरते. नोकरीत नसलेल्या कवीची कविता मात्र त्याचीच राहते. एकाच प्रकल्पात दोघांची स्थिती अशी असमान होत असल्याने, अनुदान स्वीकारण्यापूर्वी छायाचित्रांची मालकी, पुनर्मुद्रण आणि मानधनाची वाटणी लेखी ठरवून घ्यावी. त्याच कागदपत्रांत, ज्यांची छायाचित्रे घेतली त्या कुटुंबांची मराठी किंवा हिब्रूतील लेखी संमतीही जोडावी.