आरव्ही चालू असताना ओव्हन लावायचा का? गाडी पोचेपर्यंत गरम जेवण तयार ठेवायची पद्धत

लाँग वीकेंडला न्यू जर्सीतल्या एडिसनहून आरव्ही, म्हणजे आत किचन-बेड असलेली फिरती घरगाडी, भाड्याने घेऊन व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला जायचं ठरलं की कुणीतरी हमखास विचारतं, अरे मागे ओव्हन आहेच तर निघताना त्यात काहीतरी लावून देऊ ना, चार-पाच तासांच्या ड्राइव्हमध्ये आपोआप होईल. आयडिया ऐकायला मस्त आहे, पण नको, प्लीज नको. प्रोपेनचा ओव्हन चालत्या गाडीत लावायचा नाही, थोडा वेळसुद्धा नाही. आणि तरीही पोचल्यावर वाफाळतं जेवण मिळू शकतं, ते कसं ते खाली सांगतोय.

आधी नको का म्हणतोय ते. आरव्हीचा ओव्हन म्हणजे खाली उघडी ज्योत, आणि ती जळत असताना टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आणि गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या सगळ्या पाइपात गॅस. कुणी मागून ठोकलं किंवा रस्त्यावरचा टायरचा तुकडा उडून पाइपला लागला तर गॅस गळायला लागतो. टाकीत जास्त गॅस एकदम वाहिला तर बंद होणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण बारीक गळती त्याला कळत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, साधारण दीडपट, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणून तर गॅस डिटेक्टर खाली पायाजवळ लावलेला असतो. त्यात पेट्रोल पंपावर पायलटची, म्हणजे ओव्हन पेटवायला आत जळत राहणारी छोटी, ज्योत पेटती राहिली तर काय होईल ते सांगायला नकोच. आणि सगळ्यात साधी गोष्ट, ओव्हन बघायला कुणीतरी बेल्ट सोडून उठणार, नेमका तेव्हाच ब्रेक लागला की उकळता रस्सा अंगावर. ट्रेलर ओढत असाल तर प्रश्नच मिटला, चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसांनी बसायला बऱ्याच राज्यांत बंदीच आहे.

म्हणून निघायच्या आधी पहिलं काम, ओव्हन आणि शेगडीचे सगळे नॉब बंद, पायलट बंद, आणि मग बाहेर जाऊन टाकीचा मेन व्हॉल्व्ह हाताने बंद. फ्रिज गॅसवर चालू ठेवून लोक गाडी चालवतात हे मला माहितीये, पण दार उघडलं नाही तर आधीच थंड झालेला फ्रिज चार-पाच तास आरामात थंड राहतो, मग कशाला ती रिस्क.

रूट पण बघून घ्या. न्यू जर्सीहून खाली येताना बाल्टिमोरचे हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल लागतात, त्यात 10 पाउंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी न्यायला मनाई आहे, व्हॉल्व्ह बंद असला तरी. आरव्हीची टाकी त्याहून मोठीच असते. आधी लोक फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायचे, तो मार्च 2024 मध्ये पडला, त्यामुळे आता आय-695 ने पश्चिमेकडून शहराला वळसा घालायचा आणि तेवढा वेळ धरून चालायचं.

आता जेवणाचं. माझ्या मते सगळ्यात भारी उपाय थर्मल कुकर. आत स्टीलचं भांडं, बाहेर थर्मास, ना वायर ना ज्योत. निघायच्या आधी घरच्या गॅसवर पदार्थ उकळायचा, भांडं थर्मासमध्ये ठेवून झाकण लावायचं, बाकीचं तो आपल्या आपण शिजवतो. मुगाची खिचडी यात फार छान होते. फोडणी करा, दोन कप तांदूळ, एक कप मूगडाळ आणि साधारण दहा कप पाणी घाला, खळखळून उकळी आली की झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं उकळू द्या आणि लगेच बंद करून थर्मासमध्ये. दीड-दोन तासांत मऊ होते आणि चार तासांनी उघडली तरी गरम लागते. पण भांडं कमीत कमी तीन चतुर्थांश भरलेलं हवं हं, ही एक गोष्ट लोक विसरतात, अर्ध्या भांड्यात हवा जास्त राहते आणि सगळं लवकर कोमट होतं. आमटी, चिकनचा रस्सा, भिजवलेले छोले, सगळं जमतं. राजमा मात्र थेट यात घालू नका, त्याला आधी चांगला अर्धा तास खळखळून उकळा नाहीतर प्रेशर कुकरला लावून घ्या, अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट जबरदस्त बिघडतं.

कुकर ठेवायचा कुठे? किचनच्या सिंकमध्ये. खोल असतं, सांडलं तरी तिथेच, बाजूने दोन-तीन टॉवेल कोंबले की हलत नाही. ओव्हनमध्ये ठेवू नका, त्याचं दार खड्ड्यात उघडतं.

दुसरा उपाय बारा व्होल्टचा लंचबॉक्स ओव्हन, ट्रकवाले वापरतात ना तो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागतो, 8-10 अँपिअर घेतो म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट, त्यामुळे त्याच्याकडून घरच्या ओव्हनची अपेक्षा करायची नाही, गरम करायला म्हणून वापरायचा. फॉइलमध्ये गुंडाळलेले पराठे, आदल्या दिवशीची सुकी भाजी, फॉइलच्या ट्रेमधला मसालेभात, दीड-दोन तासांत व्यवस्थित गरम होतं. पातळ काही नाही. त्याच सॉकेटवर अजून काही लावू नका, फ्यूज उडतो.

क्लास सी मोटरहोम (ड्रायव्हरच्या केबिनवर झोपायची जागा असलेली आरव्ही) असेल तर बहुतेक वेळा 4000 वॅटचा जनरेटर असतो आणि त्यावर कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह चालतो. यात ज्योत नाही त्यामुळे काही लोक चालत्या गाडीतही लावतात. मी फक्त बटाटे भाजण्यासारख्या कोरड्या गोष्टींना हो म्हणेन, तेही गाडी थांबलेली असताना टायमर लावून, आणि चालू गाडीत कुणी उठायचं नाही. पंपावर जनरेटर बंद. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, पण टाकी पाव भागावर आली की आपोआप थांबतो म्हणजे रस्त्यात अडकायची भीती नाही. जनरेटर लावायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरचं टेस्ट बटण एकदा दाबून बघा, भाड्याच्या गाडीत तर नक्कीच.

वेळेचं गणित पण करून ठेवा. शेनान्डोआमधून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता 105 मैलांचा आहे आणि स्पीड लिमिट 35, म्हणजे पूर्ण केला तर तीन तास तिथेच गेले, वर व्ह्यू बघायला थांबणं वेगळं. त्यात मेरीज रॉक टनेलची उंची 12 फूट 8 इंच आहे, आरव्हीच्या छतावरच्या एसीसकट उंची आधी मोजून घ्या. घरून सात-आठ तास लागणार असतील तर सकाळी भरलेला कुकर संध्याकाळपर्यंत ताणू नका, दुपारी थांबाल तेव्हा खाऊन टाका. उघडल्यावर थर्मामीटर घाला, 140 फॅरनहाइट म्हणजे 60 सेल्सिअसच्या वर असेल तर बिनधास्त खा. थोडं खाली असेल आणि आत्ताच उतरलंय असं वाटत असेल तर परत उकळून घ्या. हाताला कोमट लागत असेल तर जीव कितीही हळहळला तरी टाकून द्या, विशेषतः भात.

कॅम्पग्राउंडवर पोचलात की गाडी लेव्हल करा, खिडकी उघडा, मग टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटकन उघडला तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो आणि बर्नर मिणमिणता पेटतो, लोकांना वाटतं गॅस संपला. तसं झालं तर व्हॉल्व्ह आणि सगळे नॉब बंद करून मिनिटभर थांबा आणि परत सावकाश उघडा. आता ओव्हन हवा तेवढा वापरा, फक्त त्याची आच खालून एकाच जागी लागते म्हणून तळाच्या जाळीवर पिझ्झा स्टोन ठेवा, नाहीतर ढोकळ्याचा केक असो की साधा केक, खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. आणि वरच्या शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून, पापड भाजायला घ्या, तोवर खिचडी ताटात वाढून होते.