आईच्या कवळीसाठी इम्प्लांटच्या ट्रायलमध्ये नाव द्यायचंय? मग आधी हे बघून घ्या

आमच्या आईची खालची कवळी कधी नीट बसलीच नाही. वरची टाळूला धरून राहायची पण खालची जिभेने उचलली जायची, बोलताना हलायची, आणि बांगडा खायचा म्हणजे कवळी काढून वाटीत ठेवायची हे ठरलेलंच. आमच्या गुहागर साइडला प्रत्येक वाडीत असं कोणीतरी असतंच. मग मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजात कळलं की खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवायची असा अभ्यास, म्हणजे ट्रायल, चालू आहे आणि इम्प्लांटचा खर्च तेच करणार. आई त्यात गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून गावातले, पाहुण्यांतले लोक फोन करून विचारतात की आमच्या म्हातारीचं नाव घालू का, काय काय करावं लागतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. इम्प्लांट हा प्रयोग नाहीये, प्रयोग आहे तो त्यातल्या एखाद्या छोट्या प्रश्नावर. टायटॅनियम हाडात घट्ट रुजतं हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडावर काम करताना दिसलं, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि ते त्याला ४० वर्षं पुरले. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साध्या कवळीपेक्षा दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच सांगितलंय. मग ट्रायल कशाची, तर कवळी अडकवायला गोल बटण बरं की चपटं, किंवा कवळी लगेच चढवायची की हाड धरेपर्यंत तीन महिने थांबायचं, असल्या प्रश्नांची. त्यासाठी पेशंटचे गट पाडतात, एका गटाला एक पद्धत, दुसऱ्याला दुसरी. आणि आपल्याला कुठला गट मिळणार ते डॉक्टर ठरवत नाहीत, आपणही नाही, कॉम्प्युटरवर चिठ्ठी निघते. म्हणून घरात बसून आधी हे विचारा की कुठलाही गट आला तरी चालेल का. "आमच्या आईला तेवढं लगेचवालंच करा" असं मनात असेल तर नाव देऊ नका, सरळ पैसे भरून उपचार घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

मग नोंदणी बघा. भारतात क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय, ती २००७ पासून नेटवर कोणालाही फुकट बघता येते. कॉलेजवाल्यांकडून नोंदणी नंबर मागून घ्या आणि तिथे टाकून बघा, त्या नंबरातच साल आणि महिना असतो. पहिला पेशंट घेण्याआधी नोंदणी झालेली पाहिजे, एप्रिल २०१८ पासून तर आधी केलेली नोंदणीच घेतात. त्या पानावर अभ्यासात नेमकं काय मोजणार, किती लोक घेणार, किती महिने बघणार हे सगळं असतं. इंग्रजीत आहे पण गावातला कोणीही कॉलेजचा पोरगा वाचून दाखवेल. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर मी तरी तिथून उठून येईन.

आता कागद. आम्हाला पहिल्या दिवशी इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला आणि इथे सही करा म्हणाले, आई पेन उचलणार तेवढ्यात मी थांबवलं. मराठी प्रत मागितली तर दुसऱ्या दिवशी मिळाली, म्हणजे ती होती, फक्त कोणी काढून दिली नव्हती. कागदाचे दोन भाग असतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. माहितीपत्रक घरी न्या, त्याच दिवशी सही करायची काहीही सक्ती नसते. ज्याला वाचता येत नाही त्याला त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि मग अंगठा घ्यायचा असा नियम आहे. सही केलेली एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे, त्यावर मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असला पाहिजे. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळते, आणि मधेच कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे तिथले तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. हे कागदावर लिहिलेलं बोटाने दाखवायला सांगा.

पैशाबद्दल लाजू नका. इम्प्लांट फुकट हे ठीक, पण वरची कवळी कोणाच्या खर्चाने, स्कॅन कोणाच्या, एखादा इम्प्लांट हाडाने धरलाच नाही तर दुसरा घालणार का, आणि अभ्यास संपल्यावर कवळीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या रिंगा बदलायचे पैसे कोण देणार? त्या रिंगा झिजतातच, आमच्या आईच्या आत्तापर्यंत दोनदा बदलून झाल्या. येण्याजाण्याचं भाडं बऱ्याच ठिकाणी देतात पण विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. खरं सांगा. आपल्याकडच्या कितीतरी बायका मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते मशेरी म्हणजे तंबाखू खाणं नव्हे. माझ्या आईनेही आधी नाहीच सांगितलं, मी बाजूला नेऊन बोललो तेव्हा कबूल झाली. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, त्याने हिरड्या खराब होतात, आणि विडी-सिगारेटने तर इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. लपवलं तर आपलं नुकसान होतंच पण अभ्यासाचा आकडाही चुकतो, आणि त्या आकड्यावर उद्या दुसऱ्याच्या आईचे उपचार ठरणार असतात. तसंच साखरेचं, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट आधीच करून घ्या, ती फार वर असेल तर घेतच नाहीत. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं, वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते न विसरता सांगा, त्या औषधांवर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारा.

पुढचा प्रश्न कॅलेंडरचा, आणि कोकणातली माणसं नेमकी तिथेच मागे पडतात. तपासणीची प्रत्येक तारीख अमुक दिवसांच्या आतच करायची असते, एक्स-रेमध्ये हाड किती मिलिमीटर झिजलं ते त्या त्या वेळीच मोजलं तर उपयोग. आमची सहा महिन्यांची तारीख जुलैत आली, घाटात दरड, गाड्या लेट, आणि ती तपासणी हुकली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून सही करायच्या आधीच सगळ्या तारखा मागा आणि पाऊस, गणपती, शिमगा, आंब्याचा सीझन पुढे ठेवून बघा, डॉक्टर चार-आठ दिवस मागेपुढे करतात पण आधी सांगितलं तर. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं ते लक्षात ठेवा आणि चिपळूणहून तिकीट काढताना परतीचं पण काढा. होडीवर जाणाऱ्यांना मात्र पाऊस असला तरी मासेमारी बंदीचे महिने सोयीचे, नाहीतर ऐन सीझनला कोण दोन दिवस मुंबईत राहणार.

इम्प्लांट बसवल्यावर पहिला आठवडा पेज, गुरगुट्या भात, मऊ वरण, गार करूनच. मासा चालतो पण काटा काढून, कमी तिखटाच्या सारातला, आणि तळलेले गरे, सुकट, कुर्ल्या बिलकुल नाही. चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, मग कोमट मिठाच्या पाण्याने हळू. जुनी कवळी लगेच घालायची नाही, डॉक्टर आतून मऊ करून देतात मग घालायची. पुढे कवळी आली की रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची (गरम पाण्यात वाकडी होते), आणि जबड्यातल्या दोन बटणांभोवती बारीक टोकाचा ब्रश रोज फिरवायचा. इम्प्लांट किडत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, मग हाड झिजतं, आणि बऱ्याचदा दुखत नाही म्हणून कळतही नाही.

डॉक्टर "सक्सेस" म्हणाले की कशाला म्हणताय ते विचारा. इम्प्लांट नुसतं तोंडात टिकून असणं वेगळं आणि यश वेगळं. १९८६ पासून चालत आलेला एक निकष आहे, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी हाड ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजलं पाहिजे, इम्प्लांट हलता कामा नये, दुखता कामा नये. आपल्या एक्स-रेत किती झिजलं ते सांगायला सांगा आणि वहीत लिहा.

आणि एक काम ऑपरेशनच्याच दिवशी करा. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, कंपनी, साइज, लॉट नंबर, ते फाइलला चिकटवून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. पाच-सात वर्षांनी वरचं बटण सैल झालं आणि तुम्ही गावाजवळच्या डेंटिस्टकडे गेलात तर प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा आणि तो फिरवायची चावीही वेगळी, स्टिकर असेल तर ते चावी मागवून जागेवर घट्ट करून देतील, नसेल तर पुन्हा मुंबई.