तरुण गोलरक्षकाची पारख: आईस हॉकीच्या विश्लेषणात उतरणाऱ्यांसाठी

सतरा-अठरा वर्षांच्या गोलरक्षकाला पाहून तो पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आईस हॉकी लीगमध्ये, टिकेल की नाही हे सांगणे, हे आईस हॉकीच्या विश्लेषणातील सर्वांत बेभरवशाचे काम आहे, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना नेमके तेच काम सर्वांत आधी करून पाहण्याची घाई असते. हेन्रिक लुंडक्विस्टची निवड 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडून घेतात त्या वार्षिक फेरीत, 205 व्या क्रमांकावर झाली. पेक्का रिने 2004 मध्ये 258 वा होता, डॉमिनिक हासेक 1983 मध्ये 199 वा होता, आणि सेर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. या चौघांनीही पुढे वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक मिळवला, हासेकने तर सहा वेळा. लुंडक्विस्ट 205 वा ठरला त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावरही गोलरक्षकच होता, रिक डिपिएत्रो. त्याच्या संघाने 2006 मध्ये त्याच्याशी 15 वर्षांचा करार केला आणि नंतरची बरीच वर्षे दुखापतींनी खाल्ली.

ही नावे वाचून 'शेवटी निवडलेलेच खरे' असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण 2003 चा पहिला क्रमांक मार्क-आंद्रे फ्लुरी, 2005 चा पाचवा केरी प्राइस आणि 2012 चा एकोणिसावा आंद्रेई वासिलेव्हस्की हे तिघेही अपेक्षेला उतरले. एवढेच खरे की जे लोक आयुष्यभर रिंकच्या काठावर उभे राहिले, त्यांचेही या एका जागेबाबतचे अंदाज फार चुकतात. तुमचेही चुकतील, आणि त्यामुळे तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही.

नागपुरात राहून हे काम करणाऱ्याला 'पण इथे बर्फ कुठे आहे?' हा प्रश्न घरच्या प्रत्येक लग्नात ऐकावा लागतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे कोणी फिनलंडमधल्या मुलाचे गुडघे पाहून पोट भरते हे मावशी-काकूंना पटवणे मी आता सोडून दिले आहे. मला मात्र बर्फापेक्षा घड्याळ अधिक जड गेले. फिनलंडमधला संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दहाला सुरू होतो, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना पहाटे साडेपाचला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कनिष्ठ (तरुण खेळाडूंच्या) लीगचा सामना सकाळी साडेआठला, म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोह्यांची गर्दी असते तेव्हा. हे तिन्ही एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक जण करतो. तो करू नये. झोप अपुरी असलेल्या माणसाला पक (खेळातली रबरी चकती) दिसतो, पण गोलरक्षकाचे पाय दिसत नाहीत.

आता आकड्यांच्या सापळ्याविषयी, आणि याविषयी मी लांबण लावणार आहे, कारण संख्याशास्त्राची पदवी हातात असूनही मी त्यात चांगले वर्षभर अडकून होते. सेव्ह पर्सेंटेज म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. समजा, एखाद्या मुलाची खरी क्षमता 0.910 आहे, म्हणजे दीर्घकाळात तो शंभरातले 91 फटके अडवतो. कनिष्ठ लीगमध्ये त्याने 20 सामने खेळले आणि प्रत्येक सामन्यात 25 फटक्यांना तोंड दिले, तर एकूण 500 फटके झाले आणि त्यांत सरासरीने 45 गोल व्हायला हवेत. परंतु निव्वळ योगायोगाने या आकड्यात होणारा चढउतार, म्हणजेच प्रमाण विचलन, सहाहून थोडे अधिक येते. याचा अर्थ असा की त्याच मुलाने, त्याच क्षमतेने, काहीही न बदलता 39 गोल दिले तरी नवल नाही आणि 51 दिले तरी नवल नाही. पहिल्या स्थितीत त्याचा आकडा 0.922 दिसेल आणि तुम्ही अहवालात 'असामान्य' असे लिहाल. दुसऱ्या स्थितीत 0.898 दिसेल आणि तुम्ही त्याचे नाव यादीतून काढाल. शिवाय तीनांतून साधारण एक मुलगा या पट्ट्याच्याही बाहेर पडणार आहे.

फटके वाढले की प्रश्न सुटतो, असे म्हणावे तर तेही अर्धवटच खरे आहे. 500 च्या जागी 4,000 फटके घेतले, तरी विचलन साडेचार सहस्रांशांच्या आसपास उरते, आणि मोठ्या लीगमध्ये चांगला गोलरक्षक व मध्यम गोलरक्षक यांच्यात अनेकदा पाच ते दहा सहस्रांशांचेच अंतर असते. अठराव्या वर्षापर्यंत एका मुलाचे 4,000 फटके एकाच पातळीवरच्या लीगमध्ये झालेले असणे तर दुर्मीळच. म्हणून एका हंगामाच्या टक्केवारीवर मत बनवणारा माणूस बहुतेक वेळा फाशांचे वर्णन करत असतो आणि त्याला ते गोलरक्षकाचे वर्णन वाटत असते.

योगायोगाचा भाग बाजूला ठेवला तरी या आकड्यात त्याच्यापुढे खेळणाऱ्या पाच जणांचा वाटा मिसळलेला असतो. जामठ्याच्या ज्या खेळपट्टीवर नोव्हेंबर 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा डाव 79 धावांत आटोपला आणि आर. अश्विनने सामन्यात 12 बळी घेतले, त्या एका सामन्यावरून कोणी फिरकी गोलंदाजाची प्रतवारी ठरवणार नाही. अश्विन मोठा आहे हे आपण इतर मैदानांवरून जाणतो. भक्कम बचावफळीमागे उभ्या असलेल्या गोलरक्षकाचा आकडा तसाच वाचावा. त्याला बाहेरून, सरळ दिसणारे, कोनातले फटके येतात. कमकुवत संघातल्या मुलाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आडवा पास जाऊन लगेच मारलेले फटके येतात, आणि आकड्याच्या रकान्यात दोन्ही फटके 'एक' म्हणूनच मोजले जातात. अपेक्षित गोलांची प्रारूपे (फटक्याच्या जागेवरून गोल होण्याची शक्यता मोजणारी) ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात, पण कनिष्ठ लीगमध्ये फटक्याची जागा नोंदवणारा माणूस रिंकगणिक बदलतो आणि पडद्याआडून (मध्ये खेळाडू उभे असल्याने न दिसता) आलेला फटका बहुधा साधा फटका म्हणूनच नोंदला जातो. प्रारूप कितीही देखणे असले तरी ते याच नोंदींवर उभे असते.

आकडे टाकून द्या, असे मात्र मी म्हणत नाही. डस्टिन वुल्फचे उदाहरण पाहावे. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट संघाकडून त्याने कनिष्ठ लीगमध्ये सलग काही हंगाम उत्तम आकडे दिले, तरी 2019 च्या ड्राफ्टमध्ये 217 पैकी 214 व्या क्रमांकावर त्याला घेतले गेले, कारण त्याची उंची जेमतेम सहा फूट होती. 2023 मध्ये तो एनएचएलच्या खालच्या पायरीवरच्या अमेरिकन हॉकी लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि पुढे एनएचएलमधल्या कॅल्गरी संघाचा मुख्य गोलरक्षक झाला. तिथे आकडा खरे बोलत होता, कारण तो सतत, हंगामामागून हंगाम, तेच बोलत होता. एका हिवाळ्याचा आकडा आणि चार हिवाळ्यांचा आकडा यांना एकाच तराजूत टाकू नये, एवढेच.

मग पाहायचे काय? फटका बसण्यापूर्वीचा क्षण. ताशी 145 किलोमीटर वेगाने निघालेला पक सेकंदाला 40 मीटर जातो. सहा मीटरवरून मारला तर तो 0.15 सेकंदात गोलरेषेवर पोहोचतो, आणि डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. जवळच्या फटक्यावर 'काय प्रतिक्षेप आहेत!' असे उद्गार काढणारा समालोचक म्हणूनच आपल्या काही उपयोगाचा नाही. तो फटका हाताच्या चपळाईने अडत नाही. गोलरक्षक योग्य जागी, योग्य खोलीवर (गोलरेषेपासून हवा तेवढा पुढे), खांदे पकाकडे वळवून आधीच थांबलेला असतो म्हणून अडतो. तेव्हा पास सुटला त्या क्षणी ध्वनिचित्रफीत थांबवावी आणि त्याचे स्केट कुठे आहेत ते लिहावे. मग फटका सुटताना थांबवावी आणि तो स्थिर झाला आहे की अजून सरकतोच आहे ते लिहावे. गोल झाला की वाचला, हा रकाना सर्वांत शेवटी भरावा. मला हे ज्यांनी शिकवले ते स्वतः गोलरक्षक होते आणि सुरुवातीचे काही महिने त्यांनी माझ्या अहवालांतला शेवटचा रकाना झाकूनच वाचला. तेव्हा राग येई.

वरच्या पातळीवर काय टिकेल, हे ओळखण्याची माझी पद्धत अशी: मुलगा आज जे करतो, ते करायला त्याला थोडा कमी वेळ मिळाला असता तर काय झाले असते, हे प्रत्येक प्रसंगी स्वतःला विचारावे. उशिरा पोहोचून पाय फेकून अडवलेला पक कनिष्ठ लीगमध्ये टाळ्या मिळवतो. मोठ्या लीगमध्ये तोच पास अधिक वेगाने जातो, फटका लगेच सुटतो आणि तोच पाय अर्ध्या वाटेत असतो. उलट, ज्याच्या खेळात काहीच नाट्य दिसत नाही, ज्याच्या छातीवर पक येऊन आदळतात, असा कंटाळवाणा मुलगा दोनदा पाहावा. पडद्याआडच्या फटक्यांवर तो वाकून, मान काढून पक शोधतो की नुसता गुडघ्यांवर बसून अंगावर आदळण्याची वाट पाहतो, हे बघावे. गोलखांबाला एक गुडघा टेकून बसण्याची पद्धत आता सगळेच वापरतात. पण ती गरज नसताना, फार लवकर वापरणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून, खांबालगतच्या वरच्या कोपऱ्यात गोल होतात, आणि वरच्या पातळीचे नेमबाज ती फट पहिल्याच सामन्यात हेरतात. रिबाउंडनंतर, म्हणजे अडवलेला पक उसळून परत गेल्यावर, तो उठतो कसा, कोणता पाय आधी टेकवतो, हेही लिहावे. गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांना काही जण फार महत्त्व देतात. मी देत नाही. त्यांतून मनोबलाचे निदान करणारे अहवाल बहुतेक कादंबऱ्या असतात.

उंचीबद्दल सरळ सांगते. उंच गोलरक्षक अधिक जाळे झाकतो, चार फूट उंच आणि सहा फूट रुंद गोलात त्याचा फायदा असतोच, आणि संघ त्यालाच पसंती देतात. पण उंचीची चाळणी लावून पाहणेच थांबवणे हा आळस आहे. जूसे सारोस पाच फूट अकरा इंचांचा आहे आणि 2013 मध्ये 99 वा निवडला जाऊनही तो एनएचएलमधल्या नॅशव्हिल संघाचा मुख्य गोलरक्षक झाला. बुटक्या मुलाबाबत अहवालात एक जादा प्रश्न असावा, तो म्हणजे गुडघ्यांवर गेल्यावर त्याचे खांदे किती उंच राहतात. बाकी निकष तेच.

तीन महिन्यांत क्रीडा-विश्लेषक बनवणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नयेत, हे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. तिथे आलेख काढायला शिकवतात. आलेख तुम्ही घरीही शिकाल. निवडक क्षणांच्या चित्रफितींपासून तर त्याहून दूर राहावे, कारण त्यांत गोलरक्षकाने वाचवलेलेच पक असतात आणि वाचवण्याची वेळ मुळात का आली ते कापलेले असते. गुरू जरूर शोधावा, शक्यतो स्वतः गोलपुढे उभा राहिलेला. मात्र जुन्या गोलरक्षकाला त्याच्या काळात शिकलेली शैलीच खरी वाटते, हे ध्यानात ठेवून त्याचे ऐकावे. जो गुरू 'मला एका नजरेत कळते' असे म्हणतो, त्याला पाच वर्षांपूर्वीचे त्याचे अहवाल मागावेत.

आपल्या शहरातल्या स्केटिंग रिंकवर रोलर हॉकी खेळणाऱ्या मुलांना पाहून डोळा तयार होतो का, असे मला अनेक जण विचारतात. काही अंशी होतो. कोन घेणे, पास वाचणे, तोल सांभाळणे हे तिथेही दिसते, आणि रविवारी सकाळी गोलामागे उभे राहून जे समजते ते पडद्यावर समजत नाही. पण बटरफ्लायमध्ये गुडघे टेकून बर्फावरून आडवे सरकणे, जे आजच्या गोलरक्षणाचा कणा आहे, ते सिमेंटवर तसे होतच नाही. पॅड तिथे अडतात. म्हणून सरकण्याचा वेग आणि सरकून झाल्यावर थांबण्याची अचूकता या दोन गोष्टी संपूर्ण सामन्यांच्या चित्रफितींवरूनच शिकाव्या लागतात, आणि त्यांना वेळ लागतो. लागू द्यावा.

शेवटी अहवालाविषयी. 'तो एनएचएलमध्ये खेळेल' असे वाक्य लिहूच नये. कॉनर हेलेबक टेक्सासमधल्या ओडेसा नावाच्या तेलविहिरींच्या गावात, फारशा प्रतिष्ठित नसलेल्या कनिष्ठ लीगमध्ये खेळत होता. 2012 मध्ये तो 130 वा निवडला गेला, मग विद्यापीठात खेळला, आणि 2020, 2024 व 2025 असे तीन वेझिना करंडक त्याच्या नावावर आहेत. त्या ओडेसातल्या मुलाबद्दल 2012 साली प्रामाणिक अहवालात फार तर एवढेच लिहिता आले असते की उंची आहे, जागा घेण्याची समज आहे, आडव्या हालचालीत अमुक कमी आहे, आणि दोन वर्षांनी अधिक कठीण लीगमध्ये पुन्हा पाहावे. तुम्हीही तसेच लिहावे: काय दिसले, किती फटक्यांवर दिसले, कोणत्या बचावफळीमागे दिसले, काय दिसले तर आपले मत बदलेल, आणि पुन्हा कधी पाहणार. असे सावध अहवाल सुरुवातीला कोणाला आवडत नाहीत. मला दोनदा 'ठाम लिहा' म्हणून परत आले आणि दोन्ही वेळा मी फटक्यांची संख्या ठळक करून तेच पाठवले. पैसे पहिली दोन-तीन वर्षे कमीच मिळतात, म्हणून दुसरे काम सोडू नये. सुरुवात एकाच लीगपासून करावी, आणि आपल्याकडे रात्री दहाला संपूर्ण सामना दिसतो म्हणून फिनलंडची कनिष्ठ लीग मला त्यासाठी सर्वांत सोयीची वाटते.