सागवानी कपाटावरचं जुनं मेण काढताना

२०२० मध्ये सगळ्यांनाच सॅनिटायझरचं वेड लागलं होतं. मी तर सासूबाईंच्या सागवानी कपाटाची मूठही त्यानं पुसली. मिनिटभरात पॉलिश चिकट झालं आणि माझी चार बोटं त्यावर उमटली. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. आपल्याकडे पळसावर, बोरीवर जी लाख होते ना, तिचाच. त्याला पुन्हा स्पिरिट, म्हणजे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, लागलं की ते मऊ पडणारच. हे मला तेव्हा कुठं माहीत!

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात हे कपाट देवघराला लागून. निरांजनाची काजळी, उदबत्तीचा धूर, कूलरमधून येणारी धूळ, आणि दर दिवाळीला त्याच्यावरच चोपडलेलं मेण. पार काळं पडलेलं. पॉलिशवाला म्हणाला, सगळं घासून नवं करू. मी म्हटलं, थांबा जी, आधी मळ तरी निघू द्या.

मेण पाण्याला दाद देत नाही. त्याला टर्पेंटाइन लागतं. पेंटच्या दुकानात मिळतं, पण थिनर आणू नका, तो पॉलिशच उतरवतो. कपाटाच्या मागच्या बाजूला बोटभर जागेवर आधी लावून बघा. चिंधी पिवळी-काळी झाली आणि खालचं पॉलिश चिकट झालं नाही, तर पुढे चला. जुन्या बनियनची चिंधी ओली करायची, निथळती नको. लाकडाच्या रेघांच्या दिशेनं हातभर जागा पुसायची, आणि मेण विरघळलेलं असतानाच कोरड्या चिंधीनं उचलून घ्यायचं. वाळू दिलं तर ते तिथंच पुन्हा बसतं. म्हणूनच हे काम मे महिन्यात करू नका, पंचेचाळीस डिग्रीत टर्पेंटाइन पुसायच्या आत उडून जातं. चिंधी सारखी बदलायची, माझ्या अकरा लागल्या. नक्षीत जुना टूथब्रश. मेणबत्तीचा थेंब असेल तर बर्फानं कडक करून जुन्या एटीएम कार्डानं उचकटायचा.

मेण गेल्यावरही हाताचा मळ उरतोच. तो साबणाचा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून, आणि लगेच कोरडं पुसायचं. सोडा नको, लाखेला तो चालत नाही.

शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्या, धुरकट झाला की मऊ कापडानं घासा. आमच्या कपाटाचा लालसर सागवान मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

काम चालू असेतो खिडक्या उघड्या, देवासमोरचा दिवा विझवलेला. सासूबाई कुरकुरल्या, कुरकुरू द्या. चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, बाहेर मोकळ्या पसरून वाळवा आणि मग टाका. जवसाच्या तेलाच्या असतील तर हे विसरूच नका, त्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतात.

मुठीजवळची चार बोटं मात्र अजून आहेत. तिथं पॉलिशवाल्याचाच हात लागेल.