एचओएचं पत्र यायच्या आधी: टेक्सासमधल्या नव्या घरमालकांसाठी

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी ह्या पट्ट्यात दर दोन-चार महिन्यांनी ओळखीतलं कोणीतरी घर घेतं, वास्तुशांत होते, आपण श्रीखंड-पुरी खाऊन येतो, आणि मग दीड-दोन महिन्यांनी फोन येतो की अगं एचओएचं (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची नियम लावणारी संस्था) पत्र आलंय, नियम मोडला म्हणतात, आता काय करू. दरवेळी फोनवर तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवीन.

सगळ्यात आधी, पत्र आलं म्हणून घाबरायचं नाही. काही पत्रं मॅनेजमेंट कंपनीचा माणूस गाडीतून चक्कर मारतो आणि फोटो काढतो त्यातून येतात, काही शेजारपाजारच्या कोणीतरी कळवल्यामुळे येतात. गाडीवाल्याचं आपल्या हातात काही नाही, शेजाऱ्याचं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे, आणि खाली जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं त्याच एका गोष्टीबद्दल आहे. बाकी कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा की टेक्सास प्रॉपर्टी कोडच्या २०९ व्या चॅप्टरप्रमाणे दंड लावायच्या आधी एचओएला लेखी नोटीस द्यावी लागते, दुरुस्त करता येण्यासारखी चूक असेल तर त्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते, आणि नोटीस टपालात पडल्यापासून ३० दिवसांत तुम्ही हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागू शकता. म्हणजे चूक सुधारा, फोटो काढा, ईमेल करा, विषय संपला. पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरलात तर मात्र संपत नाही.

आमचं पहिलं पत्र कचऱ्याच्या डब्यांवरून आलं होतं. डबे घराच्या बाजूला नीट लावलेले, आमच्या मते एकदम शिस्तीत. मी पत्र हातात घेऊन ड्राइव्हवेवर उभी, तर शेजारचे आजोबा (सत्तरीचे असतील, दर शनिवारी गुडघ्यावर बसून फुटपाथच्या कडेचं गवत एजरने अगदी सुरी लावल्यासारखं सरळ कापतात) माझ्याकडे बघून हसले, हातमोजा काढला, काही न बोलता रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि मला तिकडे बोलावलं. तिथून बघितलं तर हिरव्या डब्याचं झाकण आणि एक चाक दिसत होतं. नियम "रस्त्यावरून दिसता कामा नये" असा होता आणि आम्ही तो कायम घरातून बघत होतो. डबा दोन फूट मागे सरकवला, झालं. तर पहिली टिप हीच, महिन्यातून एकदा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून स्वतःचं घर बघा.

क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होताना, जे जाडजूड डीड रिस्ट्रिक्शन्स (वसाहतीच्या नियमांचे कागद) मिळतात ते कोणी वाचत नाही, मीही वाचले नव्हते. सगळे नका वाचू, पण पार्किंग, कुंपण, डबे आणि "बाहेरून दिसणारा बदल" एवढे चार भाग वाचाच. शेवटच्यात लोक फसतात. दाराचा रंग, पॅटिओवरचं छप्पर, शेड, पुढचं झाड तोडणं ह्या सगळ्याला आधी एचओएच्या कमिटीची लेखी मंजुरी लागते, आणि "पलीकडच्याने केलंय की" हा पुरावा नसतो कारण त्याने परवानगी घेतली असेल, किंवा त्याला अजून पत्र यायचं असेल.

आता लॉन. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण इथेच पैसे, पाणी आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध तिन्ही जातात. आपल्या इथली माती म्हणजे ब्लॅकलँड प्रेअरीची काळी चिकणमाती, आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या कापसाच्या काळ्या जमिनीची सख्खी बहीणच समजा, भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्यांचं बालपण तिकडे गेलंय त्यांना काही सांगायला नको. आणि तिच्यावर जे बर्म्युडा गवत लावतात ते कोण, तर आपली हरळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. आपल्याकडे शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो तिला इथे आपण पैसे देऊन पाणी घालतो आणि ती पिवळी पडली की आपल्याला झोप लागत नाही. (भाद्रपदात स्वतःच्या लॉनमधल्या दूर्वा खुडायच्या असतील तर एक कोपरा औषध न मारता राखून ठेवा, तणनाशक मारलेल्या दूर्वा देवाला नकोत आणि मुलांच्या हातातही नकोत.)

बर्म्युडा असेल तर एक ते दोन इंचांवर कापा, सेंट ऑगस्टीन असेल, म्हणजे रुंद पातीचं सावलीत चालणारं, तर अडीच ते चार इंच ठेवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधी कापायचं नाही. तीन आठवडे इंडियाला जाऊन आलात आणि आल्या आल्या जंगल एकदम खाली उतरवलंत की लॉन महिनाभर जळकं दिसतं, त्यापेक्षा जायच्या आधी शेजारच्या कॉलेजच्या मुलाला पैसे देऊन ठेवा. कापलेलं गवत ब्लोअरने रस्त्यावर उडवायचं नाही, हे तर अगदी ठासून सांगते, कारण रस्त्याकडेच्या स्टॉर्म ड्रेनमधलं पाणी कुठेही शुद्ध न होता थेट ओढ्यात जातं, आणि त्याआधी वाऱ्याने ते गवत शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर जातं, जे त्याने आत्ताच झाडलेलं असतं.

तणासाठी प्री-इमर्जंट (तण उगवायच्या आधीच ते रोखणारं औषध) फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला टाकायचं, म्हणजे माती ५५ फॅरनहाइटच्या आसपास यायच्या आधी, आणि परत एकदा सप्टेंबरमध्ये. तण उगवून आल्यावर टाकून उपयोग नाही, तो पैसा गेला. आणि डँडेलियनच्या म्हाताऱ्या उडायला लागल्या की त्या तुमच्या राहत नाहीत, सगळ्या गल्लीच्या होतात.

पाणी. इथल्या बऱ्याच गावांत एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ स्प्रिंकलर बंद ठेवायचा असतो आणि आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस, तुमचे दिवस सिटीच्या साइटवर बघून घ्या. काळी माती पाणी हळूहळू पिते, सलग वीस मिनिटं सोडलं तर अर्धं पाणी फुटपाथवरून वाहून जातं. त्यापेक्षा सहा-सात मिनिटं चालवा, अर्धा-पाऊण तास थांबा, परत चालवा, असं तीनदा, कंट्रोलरमध्ये "सायकल अँड सोक" नावाने बहुतेक हे सेटिंग असतंच. आणि महिन्यातून एकदा स्प्रिंकलर दिवसा हाताने चालू करून नुसतं उभं राहून बघा, पहाटे चारला चालतो म्हणून आपल्याला कळतच नाही की एक हेड तुटलंय आणि कारंजं थेट शेजाऱ्याच्या गाडीवर उडतंय. आमचं तसं झालं होतं, त्याच आजोबांच्या ट्रकवर पाण्याचे पांढरे डाग पडले होते, आणि ते त्यांनी मला कधी सांगितलं तर मी उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन गेले तेव्हा! मोदक घेतला, उलटा करून बघितला, आत काय आहे विचारलं, आणि मग म्हणाले की बरं झालं आलीस, एक सांगायचं होतं. दोन महिने गप्प होते बिचारे.

उन्हाळ्यात पाया विसरू नका. माती आकसून स्लॅबपासून सुटायला लागली की घरातल्या भिंतींना तडे जातात, दारं अडकायला लागतात. सोकर होज (पाणी झिरपणारा पाइप) भिंतीपासून फूट-दीड फूट लांब टाकून ठेवा, अगदी चिकटवून नाही.

लाल मुंग्या, म्हणजे फायर अँट, हे एकट्याने करायचं कामच नाही. तुम्ही वारुळावर औषध ओतलं की उरलेल्या मुंग्या पलीकडे कुंपणाखाली जाऊन नवीन संसार मांडतात आणि पुढच्या पावसात परत येतात. दोन-चार घरांनी मिळून एकाच शनिवार-रविवारी बेट (bait, म्हणजे मुंग्या खातात ते औषध घातलेलं आमिष) टाका, वसंतात एकदा आणि पानगळीत एकदा, आणि मग जी वारुळं उरतील तेवढ्यांवर वेगळं औषध. बेट टाकायच्या आधी वारुळाजवळ एक पोटॅटो चिप ठेवा, अर्ध्या तासात तिच्यावर मुंग्या चढल्या तर त्या खायला बाहेर पडल्यात, टाका. नाही चढल्या तर दुसऱ्या दिवशी. माती ओली असताना किंवा पावसाच्या तोंडावर टाकलं तर वाया.

पुढच्या अंगणातल्या क्रेप मर्टलबद्दल एकच विनंती. हे झाड आपल्या ताम्हणाचं चुलत भावंड आहे (ताम्हण म्हणजे जारूळ, महाराष्ट्राचं राज्यफूल), फेब्रुवारीत लॉनवाला येऊन विचारतो वरून छाटू का, आणि आपण हो म्हणतो आणि मग वर्षभर मुठी वळलेले बुंधे बघत बसतो. वरून छाटायचं नाही. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि खालचे फुटवे काढा, बस.

आता सणवार. गुढी उभारायला घाबरू नका, टेक्सासमध्ये श्रद्धेपोटी लावलेल्या धार्मिक वस्तूंना एचओए सरसकट बंदी घालू शकत नाही, प्रॉपर्टी कोडमधलं कलम २०२.०१८ त्यासाठीच आहे. फक्त ती आपल्याच जागेत हवी, कॉमन एरियात नाही, आणि स्ट्रीट लॅम्पला बांधायची नाही. पण कायदा दाखवायची वेळ येण्यापेक्षा आदल्या दिवशी दोन्ही बाजूंना सांगून या की उद्या आमचं नवीन वर्ष, काठीवर साडी आणि उलटा तांब्या दिसेल. मग तेच फोटो काढायला येतात. गणपतीच्या आरतीचं तसंच, कोणत्या दिवशी, किती गाड्या, किती वाजेपर्यंत, हे कागदावर लिहून खाली फोन नंबर टाकून चार घरांना द्या, आणि रात्री दहाला झांजा खाली ठेवा. प्रसाद देताना काजू-बदाम आहेत का ते आधी सांगायचं, इथे नट अॅलर्जीवाली मुलं खूप असतात. फटाके नकोच, फ्रिस्को-प्लेनोत सिटीच्या हद्दीत बंदी आहे आणि काही ठिकाणी फुलबाजीसुद्धा त्यातच धरतात.

गाड्यांचं तर आधीच ठरवा. फायर हायड्रंटपासून १५ फूट, स्टॉप साइनच्या अलीकडे ३० फूट मोकळे सोडायचे हा राज्याचा कायदा आहे, कोणाच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी तर अजिबात नाही. आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या गाडीने समोरच्यांची मेलबॉक्स अडवली आणि त्या दिवशीचं त्यांचं टपाल परत गेलं, त्यात त्यांचं औषध होतं. तेव्हापासून माझा भाचा आरतीच्या दिवशी बाहेर उभा राहून गाड्या लावून देतो आणि त्याला पहिला मोदक मिळतो.

कुंपण दोघांच्या मध्ये असेल तर खर्चाचं आधी तोंडी बोला आणि मग टेक्स्टवर परत लिहा, किती, कधी, कोणता स्टेन (लाकडाला लावायचा रंग). वादळात कुंपण पडल्यावर बोलणी सुरू केलीत तर दोघंही चिडलेले असतात. आणि खांबासाठी, झाडासाठी, अगदी तुळशीच्या ओट्यासाठी जरी खणायचं असेल तरी ८११ ला (खणण्याआधी कळवायचा फोन नंबर) दोन वर्किंग डे आधी कळवा, फुकट आहे, ते येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात, पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी, नारिंगी इंटरनेट. नारिंगी तोडलीत तर अख्ख्या गल्लीचं वर्क फ्रॉम होम बंद, मग मोदकांनी काही होत नाही.

शेवटचं थंडीचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला उणे २ फॅरनहाइट झालं होतं, सेल्सियसमध्ये उणे १९, वीज नाही आणि घरोघरी छतातले पाइप फुटलेले. आमच्या मागच्या घरात कोणी नव्हतं, गॅरेजच्या दाराखालून पाणी येताना आजोबांनी बघितलं, पण त्या लोकांचा नंबर कोणाकडेच नव्हता. शेवटी मीटरच्या खड्ड्यातून पाणी बंद केलं तोवर हॉलचं छत खाली आलं होतं. म्हणून गावाला जाताना एका तरी शेजाऱ्याकडे नंबर ठेवा आणि मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्याला दाखवा, त्याचा तुम्ही बघून घ्या. बाहेरच्या नळांचे होज काढून ठेवा, नळांना फोमच्या टोप्या घाला, स्प्रिंकलर बंद. व्हॉल्व्ह बहुतेक कर्बजवळ मीटरच्या शेजारी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतो, फिरवायची लांब किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि झाकण उचलताना हातमोजे घाला, आमच्या खड्ड्यात ब्लॅक विडो निघाली होती.