गुळवेल कशी ओळखायची, लावायची आणि काढा कसा करायचा

एवढी कडू वेल आणि नाव गुळाचं, कसं काय? तर गुळाशी काही देणंघेणं नाही, संस्कृतातली गुडूची, तिच्या ड चा मराठीत ळ झाला एवढंच. अमृता हेही तिचंच नाव, भावप्रकाशात गोष्ट आहे की रावण मेल्यावर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं आणि त्यांच्या अंगावरून थेंब जिथे जिथे पडले तिथे ही उगवली. गोष्ट भारी आहे, पण आपल्या कामाची तिची बाकीची नावं.

आधी ओळखून घ्या. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं असतं, पण नुसत्या पानावर जाऊ नका, तसल्या वेली ढीगभर आहेत. खोडाची साल कागदासारखी सुटते, नखाने खरवडलं की आत हिरवंगार. मग आडवा काप घ्या, आत चाकासारखे आरे दिसले पाहिजेत, म्हणूनच ती चक्रलक्षणिका. खोडावर टेंगळंच टेंगळं आणि कापल्यावर दुधासारखा चीक आला तर हात लावू नका, ती टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल, असू शकते, 2022 मध्ये आयुष मंत्रालयाने पण याच वेलीबद्दल सावध केलं होतं.

लावायला एकदम सोपी. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी परत उगवणारी, त्यामुळे बी वगैरे शोधत बसू नका, बोटाएवढी जाड, दोन-तीन डोळे असलेली वीतभर काडी पावसाच्या तोंडावर मातीत खोचा, फक्त उलटी नको. जवळ कडुनिंब असेल तर त्यावरच चढवा, वैद्य लोक लिंबावरची गुळवेल चांगली मानतात. आणि वासरं आवडीने खातात म्हणून वत्सादनी, तेव्हा गोठ्याजवळ लावणार असाल तर आधी कुंपण.

काढ्याला पान नाही, खोड घ्यायचं. बोटभर ताजा तुकडा धुवून, वरची पातळ साल काढून, चांगला ठेचा आणि दोन कप पाण्यात मंद गॅसवर अर्धा कप होईपर्यंत उकळा, गाळा, कोमट झाल्यावर हवा तर मध घाला (तोंड वाकडं होणारच). नैसर्गिक आहे म्हणून महिनोन्महिने ढोसत बसू नका हां. लिव्हरचा त्रास, शुगरच्या गोळ्या, रुमॅटॉइड संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार (म्हणजे आपली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच पातेलं चढवा.